मंत्र्यांच्या रक्ताचा थेंब

मंत्री टुफुओर यांनी स्वतःचंच बोट पुढे केलं, तेव्हा प्राध्यापक अम्पोन्सांचं हसू जागच्या जागी विरलं.

कार्यक्रमात हे नव्हतं. कुमासी शहरातल्या या प्रयोगशाळेत प्राध्यापकांच्या हाताखालच्या सेरवाने तीन वर्षं खपून पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण बनवले होते. हृदयाचा स्नायू दुखावला की रक्तात एक प्रथिन उतरतं. हे कण नेमके त्यालाच धरतात आणि जांभळ्या दिव्याखाली पट्टीवर लाल रेघ चमकते. निरोगी रक्ताला पट्टी कोरीच राहते. म्हणून तर इस्पितळातून हृदयविकाराच्या एका रुग्णाचं रक्त आणून ठेवलं होतं. पण मंत्र्यांना फोटोत आपलंच रक्त हवं होतं.

कोऱ्या पट्टीचा फोटो कोण छापणार, असं प्राध्यापक सेरवाच्या कानाशी पुटपुटले. रुग्णाच्या रक्ताचा एक थेंब गुपचूप मिसळून टाक, म्हणाले. अनुदानाच्या कागदावर मंत्र्यांची सही अजून व्हायची होती. ती झाली नाही तर प्रयोगशाळेला कुलूप लागणार, हे सेरवालाही ठाऊक होतं.

तिने सुई टोचली, थेंब पट्टीवर सोडला. रेघ उमटायला दहा मिनिटं लागतात. तेवढ्यात मंत्र्यांनी आपल्या ठणठणीत प्रकृतीवर भाषण केलं. मग दिवे मालवले गेले.

रेघ चमकली. चांगली लालभडक. टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांचं रक्तच तेजस्वी, असं कुणीतरी जाहीरही करून टाकलं. मंत्र्यांनी पट्टी उंच धरून चारही बाजूंनी फोटो काढून घेतले.

"शहाणी आहेस. ऐकलंस माझं," प्राध्यापक म्हणाले.

"मी काहीच मिसळलं नाही, प्रोफ."

टाळ्या वाजवणारे त्यांचे हात क्षणभर थांबले, मग पुन्हा वाजू लागले. सही होईपर्यंत तोंड उघडू नकोस, असं त्यांनी समोर बघतच बजावलं.

मंत्र्यांनी पेनाचं टोपण काढलं. सेरवा पुढे झाली आणि तिने कागदावर तळहात ठेवला.

"साहेब, सही राहू द्या. ही रेघ चांगल्या रक्तात उमटत नाही. आत्ताच्या आत्ता इस्पितळात चला."

प्राध्यापकांनी डोळे मिटून घेतले. सचिव तिला बाजूला करायला सरसावला. मंत्र्यांनी त्याला हातानेच थांबवलं आणि ते सावकाश खुर्चीत बसले. फोटो काढणारे अजून काढतच होते.

"सकाळपासून छातीत जळजळतंय," ते फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाले. "मला वाटलं, न्याहारीला खाल्लेलं मक्याचं केंके बाधलं."