रूपीचं खळं

निधीबाईंची गाडी प्रितमशेठच्या हिरवळीवर येऊन थांबली आणि मागच्या चाकानं हळूच खाली बसली.

गाडी कसली, चाकांवरचं घरच ते. आत पलंग, शेगडी, न्हाणी, खिडक्यांना पडदे. अशा सहा गाड्या नाताळाआधी झरी गावात येणार होत्या, होळीपर्यंत मुक्कामाला. त्यांनी उभं कुठं राहायचं, ते आज सहली काढणाऱ्या निधीबाई ठरवणार होत्या. शेठनं त्यासाठी चिकूच्या वाडीपुढं गवत लावलं होतं, कुंपण रंगवलं होतं. गवत डोळ्यांत भरावं म्हणून तीन आठवडे दोन्ही वेळा पाणी. पाणी घालायला पाड्यावरची रूपी होती. एवढं पाणी नको, असं तिनं दोनदा सांगून पाहिलं. बाग तुझी की माझी, असं शेठनं विचारलं. मग तिनं थेंबभरही कमी घातलं नाही.

दिपक ड्रायव्हरनं गाडी रेटली तसं चाक आणखी खाली गेलं. शेवटी ट्रॅक्टरनं ओढून काढली, तेव्हा हिरवळीची चिखलणी झाली होती. भाताचं आवण लावायचं तेवढं राहिलं होतं.

निधीबाई हातात चपला घेऊन उभ्या होत्या. या गावात टणक जागा आहे की नाही, असं त्यांनी विचारलं. शेठ म्हणाले, संध्याकाळपर्यंत मुरूम टाकतो. रूपीनं नळ बंद केला आणि म्हणाली, आमचं खळं बघा.

शेठ हसले. पाहुण्यांना भात झोडायच्या जागी उतरवणार?

खळं कुंपणापलीकडंच होतं. भात नुकतंच घरात गेलेलं, मधोमध बैल बांधायची मेढ, कडेला हातपंप. दर साली ठोकून, बैल फिरवून, शेणानं सारवलेली जमीन. रूपीचा नवरा लाहू ओट्यावर भांडी गोणपाटात बांधत होता. दिवाळीनंतर पाड्यावरची सगळी घरं वीटभट्टीवर कामाला जायची, ती पावसाच्या तोंडावर परतायची. भट्टीच्या मुकादमाची आगाऊ उचल घे म्हणून लाहू महिनाभर मागं लागला होता. रूपी म्हणत होती, थांब.

सहा गाड्यांचं वजन पेलेल का, दिपकनं विचारलं.

"भट्टीचा ट्रक दर साली इथंच वळतो," रूपी म्हणाली. "आख्खा पाडा भरून. तो कधी रुतला नाही."

निधीबाईंनी टाच आपटून पाहिली. साधा ठसाही उमटला नाही. त्या हसल्या. रूपी हसली नाही. तिला अजून बोलायचं होतं. भाडं तिच्या हातात द्यायचं. पाणी, झाडलोट, जेवण पाड्यावरच्या बायांकडं. आणि मेढ हलणार नाही; गाड्या तिच्याभोवती लागतील.

आठवड्यानं सकाळी भट्टीचा ट्रक आला. मेढीभोवती सहा गाड्या उभ्या, पडदे ओढलेले. पंपावर रूपी आणि तिच्यामागं हंडे घेऊन पाड्यावरच्या चौघीजणी. मुकादमानं हॉर्न दाबला आणि खिडकीतून डोकं काढून म्हणाला, गाड्या हलवायला सांग, वळायचं कसं?

"हॉर्न नका वाजवू, मुकादम. पाव्हणे झोपलेत," रूपी म्हणाली. "उलटे जा."

ट्रक रिकामाच मागं सरकू लागला. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना कुंपण. लाहू त्याच्या मागं जाऊन उभा राहिला आणि थेट डांबरी रस्त्यापर्यंत हात हलवत राहिला, "येऊ दे... येऊ दे..."