काच खाणारं आम्ल

“वहिनी, मलम! लवकर!”

काचेवर नक्षी कोरायच्या दोघा भावांच्या घरगुती कारखान्यात फळी कोसळली होती. काचेची बाटली फुटली, प्लास्टिकचा डबा कलंडला आणि धाकटा मनगट धरून गुरासारखा ओरडत होता. त्याच्यावर कशातलं उडालं, ते कोणीच पाहिलं नव्हतं. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, डबा छातीशी धरून सरळ केला, बूच लावलं आणि धाकट्याला ओढत नळाखाली नेलं.

बाटलीत क्लोरिनचं आम्ल, डब्यात फ्लोरिनचं. फ्लोरिनचं काच खातं, म्हणून तर प्लास्टिकमध्ये.

“तेच आहे! फ्लोरिनच!” धाकटा विव्हळला. “आग आग होतेय नुसती!”

कॉलेजचं तोंड पाहिलेला घरात तो एकटाच. आयोडिन गरीब गाय, ब्रोमिन जरा तिरसट, क्लोरिन भांडकुदळ आणि सगळ्यांच्या वर फ्लोरिन, दिसेल त्याला ओरबाडणारा गावगुंड. जेवताना हे इतक्यांदा ऐकवलं होतं त्यानं, की वहिनीला पाठ झालं होतं. मग गुंडाचा फटकाच सगळ्यात जबर असणार, हे काय सांगायला हवं?

फ्लोरिनच्या आम्लावर उतारा म्हणून ठेवलेल्या कॅल्शियमच्या मलमाची एकच ट्यूब होती, तीही अर्धी. वहिनी घुटमळली.

“तुम्हाला नाही ना काही झालं?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“मला काय धाड भरलीय? त्याला लाव. सगळं लाव! उजवा हात आहे गं त्याचा.”

तिनं ट्यूब पिळून पिळून रिकामी केली. हळूहळू धाकट्याचं ओरडणं थांबलं, नुसतं कण्हणं राहिलं. तिचा जीव भांड्यात पडला. मग तिनं डॉक्टरांना फोन लावला आणि दोन्ही आम्लांची नावं सांगितली.

“अंगावर पडल्या पडल्या ओरडला?” डॉक्टरांनी विचारलं.

“हो, लगेच!”

“मग ते क्लोरिनचं. घाबरू नका, पाणी सोडत राहा आणि घेऊन या. हात वाचेल.”

“पण फ्लोरिनचं तर जास्त जहाल ना?”

“अहो, ते म्हणजे गोगलगाय नि पोटात पाय. आधी कळतसुद्धा नाही. गुपचूप हाडापर्यंत उतरतं, आणि दुखायला लागेपर्यंत काळीज बंद पाडायला निघालेलं असतं. म्हणून तर त्यावर कॅल्शियमचं मलम तिथल्या तिथे चोळायचं. आणखी कोणावर नाही ना उडालं?”

वहिनीनं वळून पाहिलं. दादा स्टुलावर बसून छातीला चिकटलेला ओला शर्ट सोडवत होता.

“हे होय? डब्यातलं सांडलं वाटतं,” तो हसला. “पण नशीब बघ माझं, जरासुद्धा दुखत नाहीये.”