न हलणारी चांदणी

दसरा झाला की दगडवाडीच्या घरांना कुलपं लागत आणि गाव ऊसतोडीला निघून जाई. स्थलांतराची अभ्यासक इरावती सानप दरवर्षी मागे उरलेल्या म्हाताऱ्यांशी बोलायला येई. यंदा मात्र सगळी दारं सताड उघडी.

"गयामावशी, कुलपं कुठं गेली?"

"किल्ल्या शेळ्यांच्या गळ्यात बांधल्यात, वाजायला."

गायरानावरच्या तारांच्या जाळ्याखाली शेळ्या किणकिणत चरत होत्या. अवकाशात एका जागी थांबलेल्या उपग्रहानं गोळा केलेलं ऊन त्या जाळ्यावर उतरून वीज होत होतं. ती वीज गावाच्याच मालकीची असावी, या इरावतीच्या अहवालावरून विधानसभेत केवढं रणकंदन झालं होतं! अखेर मालकी गावालाच मिळाली, आणि यंदापासून विजेचे पैसे घरोघर येऊ लागले होते.

अंधारलं. मावशींनी वर बोट दाखवलं. बाकीच्या चांदण्या हळूहळू सरकत गेल्या, एक तेवढी तिथंच. इरावतीची नजर तिच्यावरून हटेना.

"ती जागची हलत नाही," मावशी म्हणाल्या, "म्हणून आमाला हलावं लागत नाही."