बाहीवरची वेल

लालीबाईंनी सुई कापडात खोचली, समोरचा मोबाइल उचलला आणि चटईवर पालथा घातला.

"झालं आपलं पाहून," त्या म्हणाल्या.

पालथ्या मोबाइलमधून बासरी वाजतच होती. ममतानं हात घालून ती बंद केली. रोज दुपारी एकेक करत अडतीस भाग झाले होते, पण आजीनं मोबाइल असा कधी पालथा केला नव्हता.

चिनी मालिका होती, हिंदीत बोलणारी. पांढऱ्या पहाडावर एकाच गुरूपाशी वाढलेले दोघं, तलवारीवर उभे राहून ढगांतून जाणारे, आज आभाळाला तीनदा वाकून नवरा-बायको होत होते. आणि पहिल्या भागापासून ती त्याला 'भैया' म्हणत आली होती.

"एका गुरूच्या घरचे म्हंजे एका गोताचे," लालीबाई म्हणाल्या. "भाऊ-बहीण. त्यायचं लगन लावून राह्यले."

"मले तर लय गोड वाटलं बा," विमलताई म्हणाल्या. मालिकेपायी त्या रोज गावातून बंजाऱ्यांच्या या तांड्यावर यायच्या, हातात काही तरी काम घेऊन. आज तुरीच्या हिरव्या शेंगा सोलत होत्या. "आपल्या सिरियलीत सासू वरीसभर एकाच जिन्यात उभी राह्यते. इथं बाई पहाड उचलते, दुश्मनाले पाडते, अन् घरी येऊन भात रांधते."

"पहाड उचलू दे. म्या कधी नाव ठेवलं का?"

ते खरं होतं. लालीबाईंचा या मालिकेवर जीव जडला होता. खलनायकालाही त्यांनी माफ केलं होतं, कारण तो आंधळ्या आईला हातानं भरवायचा. आणि नायिकेच्या बाहीवरची वेल तर त्यांनी पहिल्याच दिवशी ममताला मोठी करून दाखवायला लावली होती. सत्तर वर्षांतली साठ वर्षं त्यांनी फेटियांवर, म्हणजे तांड्यातल्या बायकांच्या घागऱ्यांवर, आरसे आणि टाके भरले होते. पांढऱ्यावर पांढऱ्या रेशमाची ती वेल बघून त्यांनी सुई धरणाऱ्या हाताला इथूनच नमस्कार केला होता.

पण गोत म्हणजे गोत. दारव्ह्यापासून घाटंजीपर्यंतच्या तांड्यांतली लग्नं त्यांनी बोटांवर गोतं मोजून जुळवली होती आणि एकदाही चुकल्या नव्हत्या. घरातही त्यांच्या शब्दापुढे ममताचा बाप जात नसे.

ही मालिका ममतानं उगाच लावली नव्हती. तिला तांड्यातल्याच देवीलालच्या घरच्या बादलशी लग्न करायचं होतं. देवीलाल राठोड, म्हणून बादल राठोड. आणि ममताही राठोड, म्हणजे गोत एकच. बादलला लहानपणी कुठून तरी आणलं होतं, एवढं सगळ्यांना माहीत होतं. कुणाचा, ते लालीबाईंना ठाऊक होतं म्हणतात, पण त्यांनी ते कधी तोंडावाटे काढलं नव्हतं. आजीला सरळ विचारायची ममताची छाती होत नव्हती. मालिका बघताना आजीचं मत कळेल, एवढाच बेत होता. ते आता कळलं होतं.

"दादी, पुस्तकात असं नाही," ती कशीबशी म्हणाली.

"कोणत्या पुस्तकात?"

"कादंबरीवरून काढली ना ही. म्या वाचली मोबाइलवर. भाषांतर मशीनचं आहे, राजाले मधातच राणी करते, पण गोष्ट समजते. नवव्या प्रकरणात गुरू जळालेल्या दुसऱ्या पहाडावरून एक पोट्टं उचलून आणते. दोन वर्षांचं. हाच तो, आजचा नवरदेव. सिरियलवाल्यायनं थे प्रकरण गाळलं."

"कायले गाळलं?" विमलताईंनी विचारलं.

"लांबते म्हणून."

"लांबते?" लालीबाई उखडल्या. "त्या कोल्ह्याच्या नाचाले दोन भाग दिले, अन् मुळाची गोष्टच गाळली. लिवणारी बाई शहाणी होती, दाखवणारे येडे."

"बाईनंच लिवलं, हे तुले कसं समजलं?"

"पोट्टं कोणाचं, थे नवव्यातच सांगून मोकळी झाली. बाई असं लपवून ठेवत नसते," लालीबाई म्हणाल्या, आणि त्यांनी कापडात खोचलेली सुई उगाच उपसून परत खोचली.

विमलताई खाली मान घालून शेंगा सोलत राहिल्या.

"गुरूनं त्याले आपलं गोत देल्लं का?" लालीबाईंनी जरा वेळानं विचारलं.

"नाही. थो म्हणते, म्या तुले भात देल्ला, तुह्यं नाव तुह्यापाशीच राहू दे."

लालीबाईंनी नातीकडे नीट पाहिलं.

"देवीलालनंबी भाकरच देल्ली," त्या म्हणाल्या. "बादल पवारायच्या गोताचा होय. घाटंजीकडच्या तांड्यातला. माय-बाप एकाच दिवशी जीप पलटून गेले. म्याच आणला त्याले, मांडीवर बसवून. पोराले परकं वाटू नये म्हणून देवीलालनं शपथ घातली, अन् म्या चोवीस वर्सं तोंड दाबून राह्यली."

बादलचं नाव ममतानं अडतीस भागांत एकदाही काढलं नव्हतं. तिनं ओढणीत तोंड लपवलं आणि पोटभर रडून घेतलं.

"पाह्य विमल," लालीबाई म्हणाल्या. "एक सवाल विचाराचा होता, अन् पोट्टीनं मले सारा चीन दाखवला."

त्यांनी मोबाइल सुलटा केला. पडद्यावर दोघं अजून अर्धवट वाकलेलेच होते.

"बाहीवरची थे वेल मोठी कर," त्यांनी सांगितलं. मग अंगठा आणि करंगळी ताणून पडद्यावर माप घेतलं, ओठ हलवत टाके मोजले, आणि डब्यातून लाल रेशमाची लडी काढून सुईसकट ममताच्या हातात दिली.

"दोरा ओव. आपल्यात लगनाले पांढरं नाही चालत. अन् वैशाखाले चारच महिने राह्यले."