भांडण्यासाठी केलेलं पाठांतर

अपडेट झालं आणि हेमांगी दातेंचे 'मृगाक्ष' कंपनीचे कृत्रिम डोळे भरदुपारी विझले. कंपनीत कुणी फोन उचलेना, तेव्हा त्यांनी कृत्रिम डोळे वापरणाऱ्यांच्या ऑनलाइन फोरमवर बोलून मदत मागितली. फोन आला तो घोरपड्यांचा. हे 'शततारा' या प्रतिस्पर्धी कंपनीच्या डोळ्यांचे कट्टर भक्त. कुणाचे डोळे सरस, यावरून दहा वर्षं फोरमवर बाईंशी भांडत आलेले, पण 'अहो' कधी न सोडलेले.

"अहो दातेबाई, घाबरू नका. डाव्या कानामागचं बटण सात सेकंद दाबून धरा. आता उजवं."

आधी खिडकी दिसली, मग कुंडीतली जास्वंद.

"आमच्या डोळ्यांचं तुम्हाला कसं ठाऊक?"

"तुमच्याशी भांडताना चुकीचं बोलायला नको, म्हणून तुमचं अख्खं मॅन्युअल पाठ केलंय."

बाई ओशाळल्या. संध्याकाळी त्यांनी 'शततारा'चं मॅन्युअल पहिल्यांदाच उघडलं. अशा माणसाशी यापुढे नीटच भांडायला हवं होतं.