भाचीचं रक्त

माशी चावून होणाऱ्या निद्रारोगावर आम्ही नवी चाचणी शोधली होती. रक्ताच्या एका थेंबातून ती जंतूचा डीएनए पकडायची. गावोगावचं रक्त गोळा करणाऱ्या सिस्टरच्या लहानग्या भाचीचा नमुना पॉझिटिव्ह आला. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र एकही जंतू दिसेना.

"सर, औषध आजच पाठवू या," मी आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांना म्हटलं.

"वेड लागलंय का तुम्हाला? औषध दिलं की जंतू मेले. मग आपली चाचणी खरी होती, हे कशावरून सांगायचं? सूक्ष्मदर्शकाखाली दिसू देत, मग देऊ."

"तोवर ते मेंदूत शिरले तर?"

"शुभ बोला हो, मॅडम!" चहात बिस्कीट बुडवत सर हसले. औषधाच्या कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात होती.

काही महिन्यांनी सिस्टरचा फोन आला. आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. "सर, पोर घास तोंडात असतानाच झोपते हो. हाका मारून घसा बसला माझा. आता रक्तात जंतूच जंतू दिसतायत!"



सरांनी फोन ठेवला आणि टाळी वाजवली. "या रे सगळे! आपली चाचणी खरी ठरली!"