मुखपृष्ठावरच्या दोघी

मुखपृष्ठाचा फोटो टेबलावर ठेवला, तेव्हा सगळे एकमेकांकडे बघू लागले. शेवटी संपादकबाईंनी फोन करून खालच्या मजल्यावरच्या ओळवालीला बोलावून घेतलं. मासिकातल्या फोटोंखालच्या ओळी ती लिहायची, म्हणून तिचं नाव ओळवाली. वरच्या या काचेच्या खोलीत आजवर तिचं काही काम पडलं नव्हतं. आज मात्र तिच्यासाठी खुर्चीसुद्धा पुढे सरकवली गेली.

फोटोत दोघी होत्या. गोरी मुलगी उंच खुर्चीत, अंगात पायघोळ पांढरा झगा, मान ताठ. तिच्या पायाशी काळी मुलगी, अनवाणी, बिबट्याच्या ठिपक्यांचं कापड गुंडाळलेली, हातांचे पंजे केलेले, दात दिसताहेत.

ओळवालीने तिला लगेच ओळखलं. ती काळी मुलगी तिची सख्खी धाकटी बहीण होती.

हे खोलीत कुणाला ठाऊक नव्हतं. वशिल्याने काम मिळालं असं कुणी म्हणायला नको, म्हणून धाकटीनेच तिला गप्प राहायला सांगितलं होतं. तसं पाहिलं तर नाक तेच, जिवणी तीच, कपाळही तेच. पण ज्यांना सगळेच काळे सारखे दिसतात, त्यांना या दोघी सारख्या दिसल्या म्हणून काय नवल वाटणार?

"यावरून आपल्यावर टीकेची झोड उठेल," संपादकबाई म्हणाल्या.

"कशाबद्दल?" फोटोग्राफर आधीच चिडला होता. "बिबट्या म्हणजे ताकद, चपळाई. मी कौतुकच केलंय त्या मुलीचं."

जाहिराती बघणारे साहेब म्हणाले, "मुखपृष्ठावर एकही काळा चेहरा नसतो अशी ओरड होती ना? आता छापतोय, तरी नाकं मुरडणार."

"म्हणून तर हिला बोलावलं." बाई ओळवालीकडे वळल्या. "तुला राग आला तर लोकांनाही येईल. मोकळेपणाने सांग."

सगळ्या काळ्या माणसांचा राग हिच्या एकटीकडे जमा असतो, अशी बाईंची समजूत असावी. ओळवालीने फोटो जवळ ओढला.

"सर, दोघींच्या जागा बदलून एखादा काढला होता का? ही खुर्चीत आणि ती खाली?"

फोटोग्राफर हसला. "ते कसं दिसेल? तिला असं जमिनीवर बसवायचं?"

मग त्याने उगाच पाण्याचा ग्लास उचलला. साहेब खिडकीबाहेर बघू लागले. तो काय बोलून गेला ते सगळ्यांनी ऐकलं होतं, पण ऐकलं असं म्हणायला कुणी तयार नव्हतं.

"मग? छापायचा की नाही?" बाईंनी विचारलं.

"पुन्हा नाही काढता येणार?"

"संध्याकाळी अंक छपाईला जायचाय."

"आणि नको म्हटलं तर?"

बाईंनी दुसरा फोटो पुढे सरकवला. तीच खुर्ची, तोच झगा, तीच गोरी मुलगी. पायाशी कुणी नव्हतं. "हा जाईल. वादच नको."

"आणि छापा म्हटलं तर?"

"तर आतल्या पानावर तुझा छोटा फोटो टाकू. हे मुखपृष्ठ बघून मला अभिमान वाटला, अशा दोन ओळी तू लिहून दे. मग कुणाला बोलायला जागाच उरणार नाही."

मांडीवरचा फोन थरथरला. धाकटीचा निरोप होता. 'आज कळणार होतं ना? आई सारखी विचारतेय.'

या एका मुखपृष्ठासाठी धाकटीने काय काय गिळलं होतं, ते ओळवालीला, तिच्या ताईला, माहीत होतं. तिच्या रंगाची पावडर स्टुडिओत कुणाकडेच नसायची, म्हणून मेकअपची पिशवी ती स्वतःच घेऊन फिरायची आणि घरी येऊन त्याचे किस्से रंगवून सांगायची. या वेळी मात्र तिने काही रंगवलं नव्हतं. "कपडे जरा विचित्र आहेत, ताई. बघून हसू नकोस," एवढंच म्हणाली होती.

ताईने पुन्हा फोटो पाहिला. बाकीच्यांना ते दात गुरगुरणाऱ्या बिबट्याचे वाटत होते. लहानपणी चारचौघांत ओरडा बसला की धाकटी रडू आवरायला असेच दात आवळायची. ताईला भयंकर लाज वाटली, आणि तितकाच रागही आला. उठून निघून जावंसं वाटलं. पण ती निघून गेली असती तर हा फोटो तिची हरकत नाही असं धरून छापला गेला असता.

"नको," ती म्हणाली. "हा छापू नका."

खोलीतल्या सगळ्यांना हायसं वाटलं. फोटोग्राफर तेवढा फोन उचलून तणतणत बाहेर गेला.

"अशी माणसं हवीत ऑफिसात," साहेब म्हणाले.

बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "यापुढे असले सगळे फोटो आधी तुला दाखवायचे. ठरलं."

ती जिन्यापर्यंत पोचली तोच धाकटीचा फोन आला. आवाज बसला होता.

"गेलं गं मुखपृष्ठ."

"कुणी सांगितलं तुला?"

"फोटोग्राफरने. तो शेवटपर्यंत माझ्यासाठी भांडला म्हणे. संपादकबाईंचीसुद्धा ना नव्हती. तुमच्यातल्याच एकीने मोडता घातला, म्हणाला."

पलीकडे धाकटीने नाक ओढलं.

"ताई, तुमच्या ऑफिसात आपल्यातली आणखी कोण आहे गं?"